वासाचा रकाना

मी घरी वाईन करतो असं सांगितलं की भोकरदनमध्ये लोकांचे दोन तट पडतात. एक तट आवाज खाली आणून विचारतो, "मंग कधी येऊ?" दुसरा माझ्या ओट्यासमोरून जाताना पावलं उचलतो. माझ्या वहीत मात्र दोघांनाही काडीचा रस नाही, आणि मला बाटलीपेक्षा वहीचंच वेड जास्त. पिणं माझं नावाला. सणासुदीला अर्धा पेला, तोही नोंद करायची म्हणून.

शाळेत मी प्रयोगशाळा सहायक होतो. लोक तेव्हाही सर म्हणायचे, अजूनही म्हणतात. आमच्याकडे शाळेचा पगार खाल्लेला प्रत्येक जण सरच असतो, त्याला इलाज नाही. दर वर्षी एक प्रयोग मला मांडून द्यावा लागे. साखरेच्या पाण्यात यीस्ट टाकायचं, बाटलीच्या तोंडाला रबरी नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक चुन्याच्या निवळीत बुडवायचं. बुडबुडे यायचे, निवळी दुधाळ व्हायची, पोरं ओरडायची आणि तास संपायचा. पुढे त्या बाटलीचं काय होतं हे कुणी कधी विचारलं नाही. मोरीत ओतताना मला मात्र दर वेळी वाटायचं, हिला आणखी थोडे दिवस ठेवून बघायला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर ठेवून बघितलं. जालन्याच्या बाजूला आमच्या एका पाहुण्याची द्राक्षबाग आहे. माल बाहेर पाठवताना लहानमोठ्या मण्यांचे घड तो बाजूला काढतो. ते मी क्रेटमध्ये भरून बसच्या टपावरून आणायचो. पहिल्या वर्षी गोडी मोजायला शाळेतला जुना लॅक्टोमीटर घेतला, तर तो द्राक्षाच्या रसात बुचासारखा वर येऊन आडवा झाला. दुधात पाणी शोधायला केलेली वस्तू ती, तिला तरी काय माहीत. पण वही पहिल्या दिवसापासून पक्की होती. घड कुठले, साखर किती, हवेचं तापमान, बुडबुड्यांचा जोर, रंग आणि शेवटी वास, असे रकाने आखलेले.

बायको माळकरी. लग्नाच्या आधीपासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी नाही, दारूचा तर थेंब नाही. पहिली बरणी भरली तेव्हा तिनं माझ्याशी अबोला धरला. जेवायला वाढायची, पण ताट जरा जोरात ठेवायची. मग बरणी गुरगुरायला लागली आणि तिचा धीर सुटला. बैठकीच्या खोलीत येऊन म्हणाली, "मी पिणार न्हाई, हातबी लावणार न्हाई. पण घरात काय कुजून राह्यलंय ते तरी कळू द्या." पदर नाकाशी धरून वाकली, पदर बाजूला केला आणि हुंगलं. वास घेतल्यानं माळ बाटते का, हा प्रश्न तिनं कुठल्याही महाराजांना न विचारता स्वतःच निकालात काढला. म्हणाली, "देवानं माळ गळ्यात घातली, नाकात न्हाई."

मी वहीत लिहिलं होतं, 'वास: फळासारखा.' तिनं ते वाचलं आणि हसली. "फळासारखा म्हंजे? पपईबी फळच हाय. असं लिहून कुणाला काय कळावं?" मग तिनं सांगायचं आणि मी लिहायचं, असं सुरू झालं. 'नव्या माठात पहिलं पाणी भरल्यासारखा.' 'भिजल्या गोणपाटाचा, उद्या बघा.' 'लवंगी फटाका उडाल्यावर येतो तसा.' फटाक्याचा आला की मी रस दुसऱ्या बरणीत वरून धार धरून ओतायचो, मग तो वास जायचा. तिला त्यातलं शास्त्र माहीत नव्हतं आणि मला नाक नव्हतं म्हणा ना. म्हणजे होतं, पण बिनकामाचं.

पुढे तेही गेलं. त्या मोठ्या साथीत, दुसऱ्या लाटेत, मला ताप आला, उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. मी गॅसपाशी बसून पेपर वाचत होतो आणि दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं तरी मला पत्ता नाही. ती अंगणातून धावत आली. "अहो, घर जळून राह्यलं आन् तुम्ही राशिभविष्य वाचा!" डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. नाक गेलं की जिभेवर गोड, आंबट, खारट, कडू एवढंच उरतं. आंबट कळतं, पण ते आमसुलाचं की लिंबाचं हे नाक सांगतं, जीभ नाही. तेव्हापासून वासाचा रकाना पुरता तिचा झाला. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, खरं तर मजाच वाटायची. संध्याकाळी मी पेला पुढे करायचो, ती हुंगायची, डोळे मिटायची, आणि मी पेन घेऊन वाट बघायचो. आमच्या घरात एवढी शांतता एरवी कधी नसायची.

तारखाही तिच्याच. मी इंग्रजी तारखा लिहायचो आणि विसरायचो. ती एकादशी कधी विसरली नाही, संकष्टी नाही, आणि बरणीही नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला द्राक्षं चिरडायची, अक्षय्य तृतीयेला गाळ खाली ठेवून वरचं काढून घ्यायचं, वटपौर्णिमेला पुन्हा एकदा, पोळ्याला बाटल्या भरायच्या. एकादशीला बरणीला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. सगळी वही अशी तिथीवार झाली. बरणीच्या तोंडाची नळी पाण्याच्या बाटलीत बुडलेली असते, त्या पाण्यामुळे आतली हवा बाहेर पडते आणि बाहेरची आत शिरत नाही. ते पाणी आटलं की भरायचं कामही तिचंच. देवाला पाणी घालून झालं की तांब्यात उरलेलं ती त्या बाटलीत ओतायची. त्याची नोंद मी कधी केली नाही, कारण डोळ्यांसमोर होऊनही ते मला कधी दिसलंच नव्हतं.

एका थंडीत ती गेली. सकाळी छातीत कळ आली आणि जालन्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

एक गोष्ट मात्र लिहितो, कारण ती मला आधी ठाऊक नव्हती. बाई गेली की घरात येणाऱ्या बायकाही जातात. ती होती तेव्हा आमच्याकडे दुपारभर बायका असायच्या. कुणी विरजण मागायला, कुणी पापड लाटायला, कुणी नुसती बसायला. मला त्यांच्या बडबडीचा वैताग यायचा, मी दार लोटून घ्यायचो. ती गेल्यावर पंधरा दिवस त्या आल्या, आणि मग एकट्या पुरुषाच्या घरात कशाला जायचं म्हणून थांबल्या. कुणाचं काही चुकलं नाही, तशी रीतच आहे. शेजारची नवी सून भिंतीपलीकडून फक्त "हो काका", "न्हाई काका" एवढंच बोलायची. पुण्याहून लेक रोज फोन करायची आणि जेवलात का विचारायची. जेवलो म्हटलं की तिचं समाधान व्हायचं.

द्राक्षं आली तेव्हा मी ती आणली. वर्षसुद्धा झालं नाही आणि हा दारू पाडायला बसला, असं लोक बोलले असतील. बोलोत. मला हात रिकामे ठेवणं जमत नव्हतं. मागच्या वर्षाचं पान उघडून मी अगदी त्याबरहुकूम चाललो. पाडव्याला चिरडली, अक्षय्य तृतीयेला गाळून घेतली. पुढे लिहिलं होतं, 'वटपौर्णिमेला बघणे.' तसं बघायचं ठरवून मी बरणी कोपऱ्यात ठेवून दिली.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावयाला सासरी बोलावतात, अनारसे करून जेवू घालतात, काहीतरी वाण देतात. माझे सासू-सासरे कधीच गेले होते. पण दर अधिक महिन्यात बायको मला पाटावर बसवायची, स्वतः केलेले अनारसे वाढायची आणि म्हणायची, "आज मी तुमची बायको न्हाई, तुमची सासू हाय. बराबर खा." त्या वर्षी मी कॅलेंडरवर 'अधिक' हा शब्द वाचला आणि पान उलटून टाकलं. तो महिना मला बघायचाच नव्हता. मग त्याची गिनतीही केली नाही. तृतीयेपासून वटपौर्णिमेपर्यंतच्या वाटेत एक अख्खा जादा महिना येतो, तोही भर उन्हाळ्याचा, हे ज्याला कळायला हवं तो मीच. तिला ते सांगावं लागलं नसतं.

वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायका वडाला दोरा गुंडाळायला गेल्या आणि मी बरणीपाशी गेलो. नळीचं टोक कोरड्या बाटलीत लटकत होतं. मी लिहिलं, 'पाणी आटलेले. पुन्हा भरले.' सगळी हयात मी पोरांना निरीक्षणाखाली अनुमान लिहायला लावलं, आणि स्वतः मात्र एवढ्यावर वही मिटली. जिभेला आंबट लागली म्हणून थोडी साखर घातली. वासाचा रकाना कोरा सोडला. तो बघून मला इतकं एकटं वाटलं की त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

पोळ्याला बाटल्या भरल्या आणि मला एकच ध्यास लागला. यात काय तयार झालंय ते मला कुणीतरी सांगावं. चांगलं की वाईट, याचं मला काही नव्हतं. खरं सांगावं, एवढंच. ते कळल्याशिवाय पुढच्या वर्षी द्राक्षं आणण्यात अर्थ नव्हता, आणि द्राक्षं आणायची नाहीत तर मग करायचं काय, हे मला माहीत नव्हतं.

शाळेतले गणिताचे सर संध्याकाळी येऊन बसायचे. त्यांना पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "फस्क्लास!" मी म्हटलं, "वास कसा आहे?" ते म्हणाले, "वासबी फस्क्लास." द्राक्षवाला पाहुणा येऊन गेला, तो म्हणाला, "जोरदार झाली." गल्लीतला एक जण म्हणाला, "चढंल हळूहळू." पिणाऱ्याला वास विचारणं म्हणजे बैलाला शेताचा सातबारा विचारणं. तरी मी खूष होतो. लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा, की आईशिवाय केलेली पहिली, आणि सगळ्यांना आवडली. ती रडली. मग मीही रडलो.

वर्षश्राद्धाला माझी मेव्हणी परतूरहून आली. बायकोची धाकटी बहीण. दोघींनी एकाच वेळी माळ घातलेली. ती आली, पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात शिरली, आणि खूप दिवसांनी घरात भांड्यांचा आवाज झाला. मी दारात उभा राहून तो ऐकत होतो. शेवटी तिनंच विचारलं, "दाजी, काही पाहिजे का?"

मी बाटली पुढे केली. "प्यायची नाही. नुसता वास घे. तुझी आक्का घ्यायची."

"माहितंय मला," ती म्हणाली. तिनं हात पुसले, बाटली नाकाशी नेली आणि मान अशी झटकन मागे घेतली की बाटली पडता पडता राहिली. "अगं बाई! दाजी, हे काय ठिवलंय घरात? शिरका झाला की याचा! आक्कानं एक दिवस ठिवलं नसतं."

तिनं नाक मुरडलं, डोळे बारीक केले, जीभ बाहेर काढली. तिच्या बहिणीचाच चेहरा. मला हसू फुटलं आणि हसता हसता मी ओट्याशी खाली बसलो. तिला वाटलं, मला चक्कर आली. मला आनंद झाला होता, हे तिला सांगता येईना. वर्षभरात त्या घरात माझ्या तोंडावर कुणी वाईट बोललं नव्हतं. सगळ्या बाटल्या मी तिच्यापुढे मांडल्या. ती एकेक हुंगत गेली, "हीबी गेली, हीबी गेली," म्हणत गेली, आणि शेवटी वैतागून म्हणाली, "आता सैपाक करू द्या की मला!"

त्याच संध्याकाळी गणिताचे सर जेवायला आले. जेवण झाल्यावर मी त्यांना ओट्यावर गाठलं. "तुम्हाला कळलं होतं का, की ती खराब झाली?"

ते पानाला चुना लावत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू सर? पहिल्या घोटालाच कळलं व्हतं."

"मग बोलला कामून नाही?"

"काय बोलावं? वहिनी गेल्या. तुम्ही एकटे. इतकं मन लावून पेला पुसून हातात देऊन राह्यले व्हते. मी म्हटलं, माणूस कशात तरी गुंतलाय, गुंतू द्या. आम्ही सगळ्यांनी तसंच ठरवलं."

"सगळ्यांनी?"

"म्हंजे, बोलणं झाल्तं."

मला फार राग आला. माझ्याबद्दल बोलणं झालं होतं, निर्णय झाला होता, आणि त्यात मी नव्हतो. आजारी माणसाला बरा दिसतोस म्हणावं तसं हे लोक येत होते, शिरका, म्हणजे चक्क व्हिनेगर, गिळत होते आणि मला धीर देऊन घरी जात होते. सर भले माणूस आहेत. त्यांना मी काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांना पेला दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. आता आम्ही हवापाण्यावर बोलतो.

मेव्हणीला सोडायला बसस्टँडवर गेलो. जालन्याची बस लागली होती, पुढे तिला परतूरची धरायची होती. खिडकीशी उभा राहून मी म्हटलं, "द्राक्षाच्या दिवसात येशील का? चार दिवस. नुसता वास घ्यायला."

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "कशी येऊ दाजी? घरी म्हशी हायेत, सुनेचं बाळंतपण हाय. आन् आक्का व्हती तवाची गोष्ट येगळी. आता मी एकटी तुमच्याकडं येऊन राह्यले तर लोक काय म्हंतील?" तिचं बरोबर होतं. बहीण असती तर ती महिनाभर राहिली असती आणि कुणी मान वळवून पाहिलं नसतं. बस निघाली. तिनं हात हलवला नाही, पदरानं तोंड पुसलं.

घरी आलो आणि ठरवलं, सगळं ओतून टाकायचं. मागच्या अंगणात, भिंतीलगत नाली आहे. दुपारची वेळ होती. मी बाटल्या ओळीनं मांडल्या, पहिलीचं बूच काढलं आणि उपडी केली. दुसरी अर्धी झाली असेल नसेल, तोच भिंतीपलीकडून आवाज आला.

"ओ काका! काय सांडलं हो? नाक झोंबून राह्यलं!"

शेजारची सून. भांडी घासत बसली असावी, कारण राखेचा हात तसाच धरून ती भिंतीपाशी आली होती. एवढं लांब वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेलो. "कसा वास येतो? नीट सांग."

"कसा म्हंजे? घाण!"

"घाण म्हणजे कशासारखा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "मला वास येत नाही गं पोरी. बिलकुल नाही. म्हणून विचारतो."

"बिलकुल न्हाई?" ती जवळ आली. नाक वर करून तिनं मोठा श्वास घेतला, खोकली, पुन्हा घेतला. "लोणच्याची बरणी फुटल्यावानी. पण लोणच्याचा न्हाई. तेल न्हाई यात." थांबली. "सडक्या सफरचंदाचा. आन् मागून... नेलपॉलिश असतंय ना काका? ते पुसायचं पाणी असतंय. तस्सा!"

नेलपॉलिश आमच्या घरात कधी आलं नव्हतं. असली उपमा मला आजवर कुणी दिली नव्हती. मी तिसरी बाटली उघडली. "आता हा?"

"ह्यो जरा कमी हाय. ह्यात गूळबी हाय." तिनं भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली. "माझ्या माहेरी आजी पायाला लावायची ते औषध व्हतं, त्याच्यावानी. ती म्हणायची, वास सोस, पाय बरा व्हतो. मी तर पळून जायची. एकदा काय झालं काका..."

एकदा काय झालं ते तिनं सांगितलं. मग आजीचं सांगितलं, माहेरच्या विहिरीचं, इथं करमत नाही त्याचं. मध्येच थांबून नाक उडवायची आणि म्हणायची, आता लई जोरात येऊन राह्यला. मी चौथी उघडली, पाचवी उघडली. आतून तिची सासू हाक मारत होती. तिनं मान वळवून "आले" म्हटलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"काका, अजून किती हायेत?"

माझ्यापाशी हातातली धरून दोनच राहिल्या होत्या. बाटल्या भिंतीच्या बुडाशी असल्यामुळे तिला त्या दिसत नव्हत्या.

"लई हायेत," मी म्हटलं, आणि धार बारीक पडेल इतकीच बाटली वाकवली.